कोल्हापूरहून फ्लॉरेन्सला मैत्रिणीकडं : आठवडा तिचा, शहर आपलं

माझी शाळेपासूनची मैत्रीण नोकरीच्या निमित्तानं फ्लॉरेन्सला राहते. इटलीतलं शहर, तिथले लोक त्याला फिरेंझे म्हणतात. दर दिवाळीला फोनवर ती म्हणायची, "ये की गं एकदा," आणि दर दिवाळीला मी म्हणायचे, "येते की." असली 'येते की' कोल्हापुरात पोत्यानं मिळतात. एका दिवाळीत ती जरा चिडूनच म्हणाली, "तारीख सांग, नाहीतर पुढच्या वर्षी विचारणार नाही." मग तारीख सांगावी लागली.

परत आल्यापासून ओळखीतल्या चार-पाच जणांनी हेच विचारलं : कागद कोणते लागतात, बॅगेत काय न्यायचं, तिच्या घरी किती दिवस राहायचं, ती कामावर गेली की आपण काय करायचं. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगून झालं. आता लिहूनच टाकते.

आधी तिचा आठवडा विचारून घ्या

आपण यादीपासून सुरुवात करतो : हा पुतळा, तो मनोरा, ते म्युझियम. मैत्रिणीकडं जाताना पहिला कागद तिच्या वेळापत्रकाचा हवा. ती घरून कधी काम करते, ऑफिसला कधी जाते, सुट्टी किती शिल्लक आहे, त्या आठवड्यात तिची एखादी मोठी मीटिंग आहे का, घरात आणखी कोण राहतं. हे सगळं तिकीट काढायच्या आधी विचारायचं. 'तू ये गं, बघू' हे उत्तर धरायचं नाही, कारण आपली माणसं पाहुण्याला नाही म्हणत नाहीत आणि मग ऑफिसचं काम रात्री एकला करत बसतात.

आम्ही सरळ हिशेब केला. तिनं एकच दिवस रजा घ्यायची, तोही शुक्रवार, म्हणजे शनिवार-रविवार धरून सलग तीन दिवस एकत्र. बाकी दिवस मी एकटी फिरणार आणि संध्याकाळी साडेसहानंतर भेटणार. म्हणून गावातली म्युझियम, चर्च, रांगा, पायऱ्या असलं सगळं माझ्या वाट्याला. बाजार, टेकडी, नदीकाठ, जवळची गावं हे दोघींचं. तिनं उफिझी, म्हणजे तिथलं चित्रांचं नावाजलेलं म्युझियम, तीन वेळा बघितलेलं असतं. चौथ्यांदा रांगेत उभं करून तिचा शनिवार खायचा नाही.

मुक्काम किती? 'एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई' ही म्हण ज्यानं केली त्याला विमानाचं भाडं भरावं लागत नव्हतं. एवढ्या लांब जाऊन तीन दिवसांत परत यायला जमत नाही. पण दोन खोल्यांच्या घरात बारा-पंधरा दिवस म्हणजे फार. माझ्या मते आठ-नऊ रात्री पुरे आणि त्यातल्या मधल्या दोन रात्री बाहेर काढायच्या : सिएना, लुक्का, रोम, कुठंही. तिला तिचं घर दोन दिवस परत मिळतं आणि आपण आलो की पुन्हा गप्पांना ताजेपणा येतो.

महिना निवडताना एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबरअखेर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टला तिथं भाजून निघतं, शहर दरीत असल्यानं वारा नाही, आणि घराघरात आपल्यासारखे पंखेही नाहीत.

व्हिसा : निमंत्रण असलं तरी कागद सगळे लागतात

इटलीला लागतो तो शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निकाल साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी अर्जाची तारीखच लवकर मिळत नाही, त्यामुळं मेमध्ये जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतच हात घाला. प्रौढांसाठी फी ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, शेंगेन देशांतून बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवासविमा किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय खर्चाचा. विम्याच्या तारखा परतीच्या तिकिटापेक्षा दोन-तीन दिवस जास्तच घ्या, विमान चुकलं तर उपयोगी पडतो.

मैत्रिणीकडून दोन गोष्टी मागवायच्या. एक, तिच्या सहीचं निमंत्रणपत्र : कोण येणार, कधी ते कधी, कुठं राहणार, नातं काय. दोन, तिच्या तिथल्या राहण्याच्या परवान्याची आणि ओळखपत्राची प्रत. या परवान्याला तिथं पेरमेस्सो दी सोज्जोर्नो म्हणतात. त्याची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणाच्या अर्जाची पावतीही मागवा. घरभाड्याचा करारनामा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आपले कागद : गेल्या काही महिन्यांची बँकेची स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरी असेल तर रजेचं पत्र, धंदा असेल तर दुकानाची नोंदणी. आणि एक साधं पत्र : मी कोण, का चालले, खर्च कोण करणार, परत का येणार. हे पत्र लोक इंटरनेटवरून उचलतात आणि तिथंच ते वाचणाऱ्याला झोप येते. मी माझं दुकान, घरची माणसं, परतीनंतर लगेच असलेलं भाचीचं लग्न असं खरं ते लिहिलं. एका पानात बसलं. खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी लाख-दोन लाख फिरवून घ्यायची जी आपल्याकडं पद्धत आहे ती करू नका, ती स्टेटमेंटमध्ये लगेच दिसते.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. मी मुंबईला गेले. कोल्हापूरकरांसाठी त्याचा साधा मार्ग म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस. सकाळी दादरला उतरायचं, आवरायचं, आणि अपॉइंटमेंट अकराच्या पुढचीच घ्यायची, कारण गाडी कधी वेळेत येईल आणि कधी कर्जतला उभी राहील ते तिचं तिलाच माहीत. संध्याकाळी त्याच गाडीनं परत. व्हिसा हातात पडेपर्यंत विमानाचं परत न होणारं तिकीट काढू नका. नुसतं आरक्षण दाखवलं तरी अर्जाला चालतं.

बॅग : तूप बाहेर, गूळ आत

युरोपच्या नियमानं बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप नाही, पेढे नाहीत, खव्याचं काही नाही. आईनं तुपाचा डबा पाच वेळा बॅगेत घातला आणि मी पाच वेळा काढला. सहाव्यांदा तिनं तो साडीत गुंडाळला होता. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, आंबे हेही घरीच ठेवा. ताज्या भाजी-फळांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते आपल्याकडं नसतं.

आनंदानं न्यावं असं बरंच आहे. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, जयसिंगपूरचं भडंग, पापड आणि गूळ. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मैत्रिणीला त्याचं काय, तिला चहात घालायला हवा होता. किलोची ढेप पुरते. मसाला पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती डब्यात, आणि डबा मोठ्या बॅगेत. एवढं करूनही माझा एक स्वेटर अजून झणझणीत आहे.

तिच्यासाठी कोल्हापुरी चप्पल न्यायची असेल तर तिचा युरोपियन नंबर विचारून फायदा नाही. तिला कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं आखायला सांगा, टाचेपासून अंगठ्यापर्यंतचे सेंटिमीटर मागवा आणि ते माप घेऊन चप्पल लाईनला जा. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला घालून पोरं चालली तेव्हा आपल्याकडं केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेलच. फ्लॉरेन्स हेही चामड्याचं गाव. तिथल्या एका दुकानदारानं मैत्रिणीच्या पायातली चप्पल बघून शिवण कशी घातली ते वाकून तपासलं. मात्र तिथल्या दगडी रस्त्यांवर फिरताना आपण मऊ तळव्याचे बूट घाला. ओल्या फरशीवर कोल्हापुरी म्हणजे दात पडायची सोय.

पोहोचणं

मुंबईहून फ्लॉरेन्सला थेट विमान नाही. एक तर मधे बदलून फ्लॉरेन्सच्याच छोट्या विमानतळावर उतरा, तिथून टी-२ ट्राम वीसेक मिनिटांत गावात आणते. नाहीतर रोमला उतरा, विमानतळावरून लिओनार्दो एक्स्प्रेसनं ३२ मिनिटांत टर्मिनी स्टेशन, तिथून वेगवान गाडीनं दीड तासात फ्लॉरेन्सचं सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशन. वेगवान गाड्यांची तिकिटं आधी काढली तर निम्म्यात पडतात, पण विमान उशिरा आलं तर वाया जातात. त्यामुळं मध्ये तीन तास तरी सोडा. साध्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट काढलं तर फलाटावरच्या छोट्या मशिनमध्ये शिक्का मारूनच चढायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड.

शेंगेनच्या सीमेवर आता शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद होते, रांग लांबते. निमंत्रणपत्र, परतीचं तिकीट आणि विमा हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

एक नियम बहुतेकांना ठाऊक नसतो. बाहेरच्या देशाचा पाहुणा घरी उतरला की यजमानानं ४८ तासांत पोलिसांना तसं लेखी कळवायचं असतं. तुम्ही आधी जर्मनीत वगैरे उतरून मग इटलीत आला असाल, तर तुम्हालाही आठ दिवसांच्या आत तिथल्या पोलीस कचेरीत, म्हणजे क्वेस्तुरात, आल्याची नोंद करावी लागते. हॉटेलवाले हे आपोआप करतात. घरी उतरलं की ते मैत्रिणीच्या डोक्यावर येतं, म्हणून पासपोर्टची प्रत आधीच तिला पाठवून ठेवा.

तिच्या घरात

पहिल्याच रात्री मी दिवे घालवले. वॉशिंग मशीन चालू होतं, तिनं ओव्हन लावला होता आणि मी केस वाळवायला ड्रायर लावला. फट्कन सगळं घर काळंकुट्ट. इटलीत बऱ्याच घरांना तीनच किलोवॉटची जोडणी असते, त्याच्यावर गेलं की मीटर पडतो. आणि तो मीटर खाली, तळमजल्यावरच्या कपाटात. मैत्रीण मोबाईलच्या उजेडात चार मजले खाली उतरताना नुसतं म्हणाली, "सांगायला विसरले बघ." चुकी माझी होती, विचारून लावायला पाहिजे होतं. तेव्हा पहिल्या दिवशी विचारून घ्या : कोणती दोन यंत्रं एकत्र चालत नाहीत.

दुसरं विचारायचं ते दाराचं. तिकडं दार ओढलं की आपोआप लागतं. कचरा टाकायला चावीविना बाहेर पडलात तर ती ऑफिसातून येईपर्यंत जिन्यात बसावं लागेल. तिसरं, कचरा कोणता कुठल्या पेटीत. चौथं, शेजारी किती वाजता झोपतात.

एका बाबतीत मात्र निर्धास्त जा. १९७५ च्या एका सरकारी हुकुमानं इटलीत घरातल्या एका तरी न्हाणीघरात बिदे, म्हणजे शौचानंतर पाण्यानं धुवायचं भांडं, असणं सक्तीचं आहे. युरोपात आपल्या माणसाला पाण्याची जी चिंता असते ती या देशात मिटते. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "मग बरा देश आहे."

घरखर्चात वाटा द्यायचा. पैसे हातात दिले तर ती घेणार नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी सुपरमार्केटला एकटी जाऊन दूध, फळं, तेल, कॉफी असं आठवड्याचं भरून टाका. एका रात्रीचा स्वयंपाक आपला. खिडकी उघडून फोडणी द्या, मसाला निम्मा घाला. तरी शेजारीण खोकतेच.

ती कामावर गेली की

सोमवारी मी उफिझीच्या दारात जाऊन उभी राहिले. बंद. तिथली उफिझी आणि आकादेमिया ही दोन्ही मोठी सरकारी म्युझियम सोमवारी बंद असतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आदल्या रात्री मैत्रिणीनंच सांगितलं होतं, गप्पांच्या नादात वाऱ्यावर गेलं. तर सोमवार दुओमोसाठी ठेवा.

दुओमो म्हणजे गावाचं मुख्य चर्च, सांता मारिया देल फ्योरे. आत जायला पैसे नाहीत, रांग आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पंजाबी ड्रेस आणि ओढणी असली की कुणी अडवत नाही. वरच्या घुमटाला तिकीट आहे आणि ते वेळ ठरवून बऱ्याच आधी काढावं लागतं. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही. बोळ अरुंद आहे, शेवटी तर समोरच्याच्या टाचा आपल्या नाकाशी. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच बघा. पण जमत असेल तर चढाच, कारण चढताना आपण घुमटाच्या दोन कवचांच्या मधून जातो आणि विटा हाताशी येतात. ब्रुनेल्लेस्की नावाच्या स्थापत्यकारानं १४२० ते १४३६ या काळात हा घुमट जमिनीपासून लाकडी आधार न उभारता चढवला. विटा काही ठिकाणी आडव्या, मधेच एक उभी, अशा माशाच्या काट्यासारख्या रचल्यात; त्यामुळं ओला थर घसरत नव्हता. मी एका उभ्या विटेवर तळहात ठेवला. थंड होती, कडेला चुना खरखरीत. मागच्या माणसानं खाकरून पुढं सरकायला लावलं.

मंगळवारी उफिझी. सकाळचं पहिलं तिकीट ऑनलाइन काढा आणि सरळ बोत्तिचेल्ली या चित्रकाराच्या खोलीत जा, गर्दी तिथं सगळ्यात आधी साचते. बाकीचं नंतर उलटं बघत या. सगळं बघायचा हट्ट धरला तर तिसऱ्या तासाला सगळ्या मेरी सारख्या दिसायला लागतात. आकादेमियात मायकेलअँजेलोचा डेव्हिड. पाच मीटरहून उंच, फोटोत ही उंची कळत नाही. त्याच्याकडं जाणाऱ्या वाटेवर त्याचेच अर्धवट सोडलेले कैद्यांचे पुतळे आहेत, दगडातून धडपडून बाहेर यायला बघणारे. मला डेव्हिडपेक्षा तेच जास्त आवडले. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट असतात. फुकट म्हणजे किती गर्दी ते आपल्याला सांगायला नको.

बुधवारी पोन्ते वेक्क्यो, म्हणजे जुना पूल. १३४५ चा. पुलावर दोन्ही बाजूंना सराफांची दुकानं, आमच्या गुजरीचाच एक तुकडा उचलून नदीवर ठेवावा तशी. पूर्वी इथं खाटीक बसायचे. १५९३ साली तिथल्या राजानं वासामुळं त्यांना उठवलं आणि सोनारांना बसवलं. संध्याकाळी दुकानं लाकडी फळ्यांनी बंद होतात तेव्हा ती जुन्या पेटाऱ्यांसारखी दिसतात. खरेदीच्या भानगडीत मी पडले नाही.

तिथून सांता क्रोचे हे चर्च. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, माक्यावेल्ली तिघंही तिथं पुरलेत. पण कोल्हापूरकरानं त्या भागात भिंतींकडं बघत चालावं. जागोजागी छोट्या पाट्या आहेत, आडवी रेघ आणि तारीख : ४ नोव्हेंबर १९६६. आर्नो नदीचं पाणी त्या दिवशी तिथवर आलं होतं. काही पाट्या माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. सगळ्यात खोल भागात पाणी पाच मीटरच्या आसपास चढलं होतं. सांता क्रोचेतला चिमाबुए या जुन्या चित्रकाराचा मोठा लाकडी क्रूस तेव्हा पाण्यात बुडून त्याचा बराच रंग गेला, आणि तो तसाच, रंग गेलेल्या जागा दिसतील असा, जपलाय. २०१९ च्या पुरात कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरला बोटी फिरल्या ते ज्यानं बघितलंय त्याला त्या रेघेचा अर्थ कुणी समजवायला लागत नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, हे आमच्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं.

पाण्याची बाटली घरून न्या, गावात पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ आहेत. पियाझ्झा देल्ला सिन्योरिया या चौकात तर साधं आणि फसफसणारं दोन्ही फुकट मिळतं. कार्डानं पैसे देताना मशिन 'रुपये की युरो' विचारलं तर युरोच दाबा. रुपये दाबले की दर मशिनवाल्याचा लागतो.

खाणं

तिथली कॉफी उभ्यानं प्यायची. बारच्या फळीशी उभं राहिलं की एक दर, टेबलावर बसलं की दुसरा. हॉटेलच्या बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दीड-दोन युरोपासून पुढं लागतात, ती लबाडी नाही, बसायची आकारणी आहे.

गोमांस न खाणाऱ्यांनी सावध राहावं. फ्लॉरेन्सची खासियतच ती आहे : बिस्तेक्का हा गाईचा भला मोठा तुकडा, आणि गाड्यांवर मिळणारं लांप्रेदोत्तो हे गाईच्या पोटातलं. पास्त्यावरचा रागूही बहुतेक वेळा त्याचाच. 'मान्झो' म्हणजे गोमांस, 'मायाले' म्हणजे डुक्कर, 'पोल्लो' म्हणजे कोंबडी, एवढे तीन शब्द पाठ करा. शाकाहारी बाईनं 'सोनो वेजेतारियाना' म्हणायचं. परमेसान चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, कडक शाकाहारी असाल तर तेही नको.

मग खायचं काय? पाप्पा अल पोमोदोरो, म्हणजे शिळा पाव आणि टोमॅटो शिजवून केलेला घट्ट प्रकार. आमच्याकडच्या शिळ्या भाकरीच्या कुस्करीची चुलत बहीण. रिबोल्लीता हे घेवडा, काळा कोबी आणि शिळ्या पावाचं सूप, पण त्यात कधी कधी डुकराची चरबी असते, विचारून घ्या. ऑलिव्ह तेल चोपडलेली चपटी स्क्याच्चाता दुपारी हातात धरून खायला उत्तम. त्या भागातल्या पावात मीठ नसतं. अजिबात नसतं. पहिल्या घासाला मला वाटलं बेकरीवाला विसरला. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीनं त्याच्यावर तेल आणि भडंगाचा मसाला भुरभुरला आणि आम्ही दोघींनी अख्खा पाव उभ्यानं संपवला.

तिच्या सुट्टीचे दिवस

शुक्रवारी संध्याकाळी टेकडी. सगळे पियाझ्झाले मिकेलान्जेलोला सूर्यास्त बघायला जमतात. दहा मिनिटं आणखी वर चढून सान मिनियातो अल मोन्ते चर्चपाशी जा. १०१८ साली सुरू झालेलं बांधकाम, पुढं मोकळं अंगण, खाली अख्खं गाव. दुसऱ्या बाजूच्या टेकडीवर फिएझोले आहे, ७ नंबरची बस तिथं नेते. अर्धा दिवस असेल तरच.

बाहेरगावासाठी मी लुक्काला कौल देईन. गावाभोवतीची चारेक किलोमीटरची तटबंदी अखंड आहे आणि इतकी रुंद की वर झाडं लावलीत, सायकली फिरतात. पन्हाळ्यावर वाढलेल्या माणसाला तट म्हणजे काय ते माहीत असतं, पण तटावर आजोबा पेपर वाचत बसलेत आणि पोरं फुटबॉल खेळतायत हे बघायला मजा आली. पिसा लुक्काहून जवळच आहे. मनोरा वाकडा आहे, फोटो काढा, पुढची गाडी पकडा. सिएनाला रात्र काढावी असं गाव आहे, म्हणून तुमच्या त्या मधल्या दोन रात्रींसाठी ते ठेवा. २ जुलै आणि १६ ऑगस्टला तिथं पालिओची घोड्यांची शर्यत असते, त्या तारखांना खोली मिळणं मुश्कील.

रविवार : संगमावर

आणि एक जागा जी कुठल्याही कोल्हापूरकरानं सोडू नये. गावाच्या पश्चिमेला आर्नोच्या काठानं काशिने नावाची लांबलचक बाग आहे. तिच्या पार शेवटच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, एका छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा अर्धपुतळा आहे. हे आमचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. जेमतेम वीस वर्षांचे. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. नद्यांचा संगम बघून तिथं हिंदू रीतीनं दहन झालं, आणि १८७४ मध्ये त्या जागी हे स्मारक उभं राहिलं. त्याचा आराखडा मेजर मांटचा, ज्यानं आपला नवा राजवाडा आणि टाऊन हॉल काढला तोच. जायच्या आधी एकदा नव्या राजवाड्याच्या कमानी नीट बघून घ्या, मग तिकडची छत्री ओळखीची वाटते. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावही पोन्ते आल'इंदियानो, 'भारतीयाचा पूल'.

कसं जायचं : स्टेशनपासून टी-१ ट्रामनं काशिने थांब्याला उतरा. तिथून नदी डाव्या हाताला ठेवून सरळ पश्चिमेला, अर्धा-पाऊण तास. झाडीतून सपाट रस्ता आहे, धावणारे, सायकलवाले, कुत्री. मंगळवारी सकाळी बागेत मोठा बाजार भरतो, तो हवा असेल तर मंगळवार धरा. शांतता हवी असेल तर रविवार. एकट्यादुकट्या बाईनं अंधार पडल्यावर त्या टोकाला थांबू नये.

मैत्रीण इतकी वर्षं तिथं राहून एकदाही गेली नव्हती. "पूल रोज लांबून बघते की," ती म्हणाली. आम्ही पोहोचलो तेव्हा एक म्हातारा चौथऱ्याला सायकल टेकवून सफरचंद कापत होता. आम्ही दोघी पुतळ्याकडं बघत मराठीत बोलतोय हे बघून त्यानं सायकल काढून बाजूला लावली. मुन्योनेला पाणी फारसं नव्हतं, बारीक धार आर्नोत शिरत होती. "प्रयाग चिखलीला उन्हाळ्यात असंच असतं की गं," मैत्रीण आमच्या कोल्हापूरजवळच्या संगमाबद्दल म्हणाली. मी हो म्हटलं. तिनं पिशवीतून गुळाचा खडा काढला, अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला, आणि मग जरा विचार करून डबा त्या म्हाताऱ्यापुढं धरला. त्यानं चाकूच्या टोकानं तुकडा उचलला, चाखला, आणि सफरचंदाची फोड आम्हाला दिली.

परतीचं ट्रामचं तिकीट आधीच काढून ठेवा किंवा स्पर्शानं चालणारं बँकेचं कार्ड जवळ असू द्या. बागेच्या त्या टोकाला तिकीट मिळायची सोय नाही, आणि चालून पाय दुखलेले असतात.